व्हॅस्क्युलायटिस : ‘फाइव्ह फॅक्टर स्कोअर’ काय सांगतो, काय सांगत नाही?

व्हॅस्क्युलायटिसचं निदान झालं की घरचे आधी गुगल करतात आणि स्क्रीनवर दिसतं, ‘५ वर्षांत ४० टक्के मृत्यू’. हा आकडा येतो कुठून? तो तुमच्या पेशंटला लागू होतो का?

आजार काय आहे?
यात रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच रक्तवाहिन्यांवर हल्ला करते. वाहिन्या सुजतात आणि किडनी, हृदय, फुप्फुसं, नसा अशा अवयवांचा रक्तपुरवठा अडतो.

स्कोअर कसा मोजतात?
फ्रान्समधल्या डॉक्टरांनी १९९६ मध्ये ही पद्धत मांडली आणि २०११ मध्ये १,१०८ रुग्णांच्या नोंदींवरून ती सुधारली. निदानाच्या वेळी पुढच्या प्रत्येक गोष्टीला १ गुण मिळतो :

• वय ६५ पेक्षा जास्त
• हृदयावर परिणाम
• पोट-आतड्यांवर गंभीर परिणाम
• किडनीचं काम मंदावणं (क्रिएटिनिन सुमारे १.७ किंवा जास्त)
• कान-नाक-घशाचा त्रास नसणं

शेवटचा मुद्दा उलटा वाटतो, पण छापण्यात चूक नाही. जीपीए (जुनं नाव वेगनर) आणि ईजीपीए या दोन प्रकारांत सायनस किंवा नाकाचा त्रास असलेले रुग्ण जास्त जगल्याचं दिसलं. म्हणून हा गुण फक्त याच दोन प्रकारांत धरतात.

आकडे काय सांगतात?
५ वर्षांतले मृत्यू :
० गुण – ९ टक्के
१ गुण – २१ टक्के
२ किंवा जास्त – ४० टक्के

म्हणजे गुगलवरचा तो आकडा सगळ्यांचा नाही, सर्वांत गंभीर गटाचा आहे.

मग काय लक्षात ठेवायचं?
हा अंदाज गटाचा आहे, एका माणसाचा नाही. शिवाय या नोंदी रिटुक्सिमॅबसारखी औषधं सर्रास वापरात येण्याआधीच्या रुग्णांच्या आहेत.

शून्य गुण म्हणजे आजार सौम्य, असंही नाही. फुप्फुसात रक्तस्राव झाला किंवा नसेला इजा होऊन पाऊल लुळं पडलं, तरी या स्कोअरमध्ये गुण वाढत नाही. आजार आज किती सक्रिय आहे, यासाठी ‘बीव्हीएएस’ आणि कायमचं नुकसान किती झालं, यासाठी ‘व्हीडीआय’ असे वेगळे स्कोअर आहेत.

पहिल्या वर्षात जंतुसंसर्गाचा धोकाही मोठा असतो, कारण औषधं प्रतिकारशक्ती दाबतात. त्यामुळे ताप अंगावर काढू नका आणि स्टेरॉइड मनाने बंद करू नका.

डॉक्टरांना ‘किती दिवस?’ विचारण्यापेक्षा हे विचारा : कोणते अवयव सापडलेत? आणि ते वाचवायला आज काय करता येईल?