मठाराचे ठसे

गेल्या दिवाळीत भाच्याने मला त्याचा नवा घडीचा चाकू दाखवला. मूठ टायटॅनियमची, हातात घेतली तर हलकी, आणि तिच्यावर नखाएवढे उथळ खळगे. “हात ओला असला तरी निसटत नाही, मामा,” तो म्हणाला. गुळगुळीत टायटॅनियमवर ओला हात सरकतो, म्हणून अशा मुठी कुणी हातोडीने ठोकतात, कुणी त्यांवर चर पाडतात, तर कुणी काचेचे बारीक मणी हवेच्या झोताने मारून त्या खरखरीत करतात. खळग्यांवरून बोट फिरवताना मला घोडेगावच्या आमच्या घरातली तांब्याची घागर आठवली. तिच्या अंगावरही असेच ठसे होते. त्यांना मठार म्हणतात.

मुठीवरचे ठसे पकडीसाठी. मग घागरीवरचे कशासाठी? मी त्यांना आजवर नक्षीच समजत होतो. उत्तर तांब्याच्या स्वभावात आहे. तांब्याचा पत्रा ठोकला की कडक होतो आणि फार ठोकला की चिरतो. म्हणून भांडे घडवताना तांबट ते अधूनमधून भट्टीत तापवतो, त्याने धातू पुन्हा मऊ पडतो. पण असे मऊ भांडे घरात आले तर पहिल्याच धक्क्याला त्याला पोचा पडेल. तेव्हा आकार पुरा झाल्यावर, गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने, ठशाला ठसा भिडवत सगळे अंग ओळीने ठोकतात. भांडे टणक होते, आणि प्रत्येक ठशावर उजेड वेगळा चमकतो. शोभा आहेच, पण ती बळकटीच्या मागून आलेली आहे.

पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत हे काम आजही हाताने होते. धातुकाम करणाऱ्यांचा आमच्या भागातला पुरावा मात्र त्याहून फार जुना आहे. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दीडशेहून अधिक लेणी आहेत. त्यांतल्या एका ब्राह्मी लेखात दोन श्रेणींची, म्हणजे कारागीर संघांची, नावे येतात : ‘वसकार’ आणि ‘कासाकार’. पहिले बांबूकाम करणारे, दुसरे काशाची भांडी घडवणारे. दुसऱ्या एका लेखात धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान दिल्याची नोंद आहे.

श्रेणींकडे पैसे ठेव म्हणूनही ठेवले जात. मूळ रक्कम तशीच राहायची आणि व्याजातून भिक्षूंचा खर्च चालायचा. ही रीत नाशिकच्या उषवदाताच्या लेखात स्वच्छ दिसते : विणकरांच्या एका श्रेणीकडे २,००० कार्षापण, दरमहा शेकडा एक व्याजाने, दुसरीकडे १,०००, शेकडा पाऊण व्याजाने.

कासाकारांना लागणारा धातू बाहेरूनही येत असावा. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालात तांबे, कथील आणि शिसे आहे. कल्याणचा माल नाणेघाटाने जुन्नरला चढत असे. तांबे आणि कथील एकत्र वितळवले की कासे होते.

आजचे तांबट किंवा कासार हे त्या कासाकारांचे थेट वंशज, असा दावा मी करत नाही. मधल्या शतकांचा धागा तसा जोडता येत नाही. एवढे मात्र लेख सांगतो की, ज्यांच्या नावावर विश्वास ठेवून दानाची तजवीज होई, त्यांत भांडी घडवणारेही होते.

आता आमच्या घागरीचे. दहा वर्षांपूर्वी घर पाडताना आम्ही ती मोडीत दिली. दुकानदाराने काटा लावला, घट धरली आणि उरलेल्या वजनाचे पैसे हातावर ठेवले. त्याचे काही चुकले नाही, मोडीचा व्यवहार वजनावरच होतो. चूक आमची होती. त्या अंगावर एका माणसाने घातलेले हजारो घाव आम्ही नक्षी समजून तांब्याच्या भावात सोडून दिले. भाच्याने मात्र मुठीवरच्या ठशांसाठी साध्या मुठीपेक्षा जास्त पैसे मोजले होते.

घागरीच्या जोडीचा हंडा अजून माळ्यावर आहे. या दिवाळीत तो खाली काढला. चिंचेने घासल्यावर ठशांच्या ओळी पुन्हा दिसू लागल्या. भाच्याने चाकू शेजारी ठेवला आणि विचारले, “मामा, हा किती जणांनी ठोकला असेल?” मला सांगता आले नाही. हंड्यावर नाव आहे, पण ते माझ्या आजोबांचे. घडवणाऱ्याचे नाही.