सिनेमातला भिक्षू खरंच महाराष्ट्रात आला होता



महिन्याच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला, वही मिटली, की आम्ही सगळ्याजणी मिळून काहीतरी ऐकतो नाहीतर बघतो. गेल्या खेपेला एकीच्या लेकानं टीव्हीवर एक चिनी सिनेमा लावून दिला, हिंदीत बोलणारा. नाव 'जर्नी टू द वेस्ट', म्हणजे पश्चिमेकडची यात्रा. 2013 सालचा हा सिनेमा हाँगकाँगचे स्टीफन चाऊ आणि डेरेक क्वोक यांनी केलाय. आधी आम्ही नाकं मुरडली. चिनी मारामारी बघून आपल्याला काय मिळणार? पण पुढं हसून हसून आमची पोटं दुखली.

गोष्ट जुन्या काळातल्या चीनची. एक भोळा तरुण राक्षस पकडायला निघालाय. हातात तलवार नाही, काठी नाही. आहे ते बालगीतांचं पुस्तक! त्याचं म्हणणं असं, की राक्षसाच्या मनातही कुठंतरी चांगुलपणा असतो, गाणं ऐकलं की तो जागा होईल. राक्षस काही गाणं ऐकत नाही, यालाच बदडतो. मग येते दुआन नावाची एक बाई. ती सोनेरी कडी फेकून राक्षसांना लोळवते आणि दरवेळी या भोळ्याचा जीव वाचवते. आमच्यातल्या एक मावशी ओरडल्या, "अगं, ही तर बांगड्याच फेकतीय!" त्यानंतर दर मारामारीला आम्ही टाळ्या वाजवल्या. काही प्रसंग मात्र भीतीदायक आहेत, लहान लेकरांना दाखवू नका.

सिनेमा संपल्यावर आम्ही या गोष्टीचं मूळ शोधायला बसलो, आणि थक्कच झालो. त्या भोळ्या तरुणाचं सिनेमातलं नाव शुआनझांग. आपल्या शाळेच्या इतिहासात युआन श्वांग किंवा ह्युएन त्संग म्हणून ज्याचा धडा असतो, तोच हा! म्हणजे हा माणूस खरा होता. तो बौद्ध भिक्षू होता. धर्माचे मूळ ग्रंथ शिकायचे म्हणून इसवी सन 629 च्या सुमारास तो चीनमधून भारताकडे निघाला. तेव्हा देशाबाहेर जायला बंदी होती, म्हणून तो गुपचूप निघाला.

वाटेत राक्षस भेटले नाहीत. भेटलं ते वाळवंट. तिथं त्याच्या हातून पाण्याची पिशवी निसटली आणि सगळं पाणी वाळूत गेलं. चार रात्री आणि पाच दिवस घशाखाली थेंब नाही. शेवटी त्याच्या म्हाताऱ्या घोड्यानंच वाट बदलली आणि त्याला गवताच्या, पाण्याच्या जागेवर नेलं. त्याच्या चरित्रात हे लिहिलेलं आहे. हे वाचलं तेव्हा आमच्यातली एकही हसली नाही. उन्हाळ्यात टँकरची वाट बघत हंडे मांडून बसणाऱ्या बीड जिल्ह्यातल्या बायांना सांडलेल्या पाण्याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

तो नालंदेला शिकला, देशभर फिरला आणि 641 च्या सुमारास महाराष्ट्रात आला. तेव्हा इथं चालुक्य राजा दुसरा पुलकेशी राज्य करत होता. राजधानी बदामी. ऐहोळेच्या 634 सालच्या शिलालेखात याच राजाच्या ताब्यातले तीन महाराष्ट्रक आणि 99 हजार गावं सांगितली आहेत. उत्तरेच्या हर्षवर्धनालाही त्याला जिंकता आलं नव्हतं.

या पाहुण्यानं इथल्या माणसांबद्दल लिहून ठेवलंय. जमीन सुपीक, हवा उष्ण, माणसं साधी पण मानी. उपकार करणाऱ्याला विसरत नाहीत, अपमान करणाऱ्याला सोडत नाहीत. सूड घ्यायचा तर आधी शत्रूला कळवतात, मग चालून जातात. संकटात कुणी मदत मागितली तर स्वतःचा विचार न करता धावून जातात. डोंगरातल्या एका विहाराचं आणि त्याच्या दारातल्या दगडी हत्तींचंही वर्णन त्यानं केलंय. ते अजिंठ्याचं असावं, असं अभ्यासक मानतात. अजिंठ्याला सोळाव्या लेण्याच्या वाटेवर आजही दोन हत्ती कोरलेले दिसतात.

आणखी एक गंमत. इथले निवडक योद्धे लढाईआधी दारू पीत, हत्तींनाही पाजत आणि मग शत्रूवर तुटून पडत, असं तो लिहितो. जॅकी चॅनचा 1978 चा 'ड्रंकन मास्टर' सिनेमा पोरांनी पाहिला असेल, त्यातही झिंगलेला माणूस भारी लढतो. दारूची मर्दुमकी आम्ही घरात पाहिलीय, त्यामुळं आम्हाला तिचं फार कौतुक वाटलं नाही. 642 च्या सुमारास पल्लवांनी बदामी जिंकली, तेव्हा ते योद्धे आणि ते हत्ती काही कामी आले नाहीत.

पण सगळ्यात जास्त बोलणं झालं ते दुसऱ्याच ओळीवर. तो लिहितो, की एखादा सेनापती लढाई हरला तर इथले लोक त्याला शिक्षा करत नाहीत, त्याला बायकांचे कपडे देतात. त्या लाजेनं तो स्वतःहून मरण पत्करतो.

बघा मैत्रिणींनो. जवळपास चौदाशे वर्षांपूर्वी एक परदेशी माणूस इथं आला आणि त्यानं लिहून ठेवलं, की या मुलखात बाईचा कपडा ही शिवी आहे. आज आपल्या गावात भांडण झालं, की काय म्हणतात? "बांगड्या भर!" कपड्याच्या जागी बांगडी आली, एवढाच फरक.

याच बांगड्यांच्या हातात ऊसतोडीला कोयता असतो. मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर बाईच चढते. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात, पण उचल बहुतेक वेळा नवऱ्याच्या हातात पडते. मग बांगडी दुबळेपणाची खूण कशी झाली?

त्या भिक्षूच्या प्रवासावर चीनमध्ये आधी लोककथा झाल्या, मग 1592 साली शंभर अध्यायांची कादंबरी छापली गेली. तिच्यात त्याच्या सोबतीला एक अचाट माकड आलं. त्याची लोखंडी काठी सुईएवढी होऊन कानात मावते! या माकडाचं आपल्या हनुमंताशी नातं असावं, असं काही अभ्यासक म्हणतात. काहींना ते पटत नाही. खरा भिक्षू 645 साली 657 ग्रंथ घेऊन घरी पोहोचला आणि उरलेलं आयुष्य त्यानं भाषांतरात घालवलं. कुंग फू या शब्दाचा मूळ अर्थही मारामारी असा नाही. वेळ आणि कष्ट घालून कमावलेलं कसब, असा आहे. त्या हिशेबानं चुलीपुढं बसून पातळ भाकरी थापणारी आपली आजीसुद्धा कुंग फूवालीच.

सिनेमाच्या शेवटी मात्र दुआन मरते, आणि त्यानंतर त्या भोळ्याला खरं ज्ञान मिळतं. त्यावर मावशी चिडल्या. "लढायचं बी तिनं, अन् मरायचं बी तिनंच? ग्यान मात्र ह्याला!" त्यांना उत्तर कुणाकडंच नव्हतं. सिनेमा आवडला म्हणून त्यातलं सगळंच मान्य करायला पाहिजे असं नाही, एवढं मात्र आम्हाला कळलं.

आमच्या गटात आता एक ठरलंय. कुणी कुणाला "बांगड्या भर" म्हणालं, की रागवायचं नाही. हसून विचारायचं, "कोणत्या? दुआनच्या का?" परवा पारावर एकीनं हे विचारलंही. म्हणणारा गोंधळला आणि बाकीचे हसले.

तुमच्या गावात अशा कोणत्या म्हणी, कोणत्या शिव्या बाईच्या नावानं चालतात? पुढच्या बैठकीत बसून त्यांची यादी करा आणि आम्हाला कळवा.