चिकटलेल्या लोलकांची गोष्ट

विज्ञान प्रदर्शनासाठी आपल्याला वाशीम स्थानकाची प्रतिकृती करायची आहे, असे समजा. अकोला–पूर्णा मार्ग २००८ मध्ये ब्रॉडगेज झाला. त्याआधीची मीटरगेज गाडी मुलांना दाखवायची आहे. डब्यांच्या दारांशी पितळी तारेच्या तांदळाएवढ्या मुठी बसवायच्या. डिंक धातूला धरत नाही. डाख द्यावा, तर उष्णतेने शेजारचा जोड सुटतो. मग आपण फेविक्विकची नळी काढतो. या द्रवाचा इतिहास मात्र एका बिघाडातून सुरू होतो.

१९४२ साली अमेरिकेतील ईस्टमन कोडक कंपनीत हॅरी कूव्हर बंदुकीच्या नेमदर्शकासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होते. त्यांनी हाताळलेले सायनोअ‍ॅक्रिलेट दिसेल त्याला चिकटू लागले. निरुपयोगी म्हणून ते बाजूला पडले. १९५१ मध्ये त्यांचे सहकारी फ्रेड जॉयनर यांनी याच कुळातील एका द्रवाचा अपवर्तनांक मोजण्यासाठी त्याचा पातळ थर उपकरणाच्या दोन लोलकांमध्ये पसरला. लोलक सुटेनात! महागडे उपकरण वाया गेले, म्हणून जॉयनर चिंतेत पडले. कूव्हर यांना मात्र त्यात उत्तम गोंद दिसला. १९५८ मध्ये तो बाजारात आला.

असे का झाले? बहुतेक वस्तूंवर हवेतील बाष्पाचा अतिसूक्ष्म थर असतो. त्याचा स्पर्श होताच द्रवाचे रेणू साखळीसारखे एकमेकांना जोडले जातात. म्हणूनच वैशाखातल्या कोरड्या हवेत जोड सावकाश धरतो, श्रावणात चटकन धरतो. थर जाड झाला, तर आतला भाग बराच वेळ ओला राहतो. तेव्हा पितळ पॉलिशपेपरने घासावे, तेलकटपणा पुसावा आणि टाचणीच्या टोकावर मावेल एवढाच थेंब लावावा.

मुलांच्या हाती नळी देताना डोळ्यांना चष्मा हवाच. सांडलेला द्रव कापसाने वा सुती कापडाने पुसू नये. तो एवढा तापतो की हात भाजतो. बोटे चिकटली, तर ओढू नयेत. कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून हळूहळू सोडवावीत.

आपल्या प्रयोगशाळेतही एखादे उपकरण कधीतरी बिघडेल. त्या मुलाला आधी, नेमके काय घडले ते वहीत लिहायला सांगू या. रागवायचेच असेल, तर ते वाचून झाल्यावर!