स्त्री-अभ्यास केंद्रातली माणसं

विद्यापीठाच्या आवारात कुणाला ‘स्त्री-अभ्यास केंद्र कुठे आहे?’ असं विचारलं, तर बऱ्याचदा मुलींच्या वसतिगृहाकडे बोट दाखवलं जातं. थोडा जाणकार भेटला तर तो लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या समितीचा पत्ता देतो. दोन्ही उत्तरं चुकीची असली तरी त्यामागची समजूत एकच आहे. विद्यापीठात बायकांचं काही स्वतंत्र असेल तर ते एकतर राहण्याच्या सोयीचं असणार किंवा संरक्षणाचं. तिथे बसून कुणी ज्ञान तयार करत असेल, ही शक्यता चटकन सुचत नाही. ते ज्ञान तयार करणारी माणसं कोण होती, त्यांनी नेमकं काय काम केलं आणि त्या कामाची त्यांना काय किंमत मिळाली, हे पाहायचं तर सुरुवात मुंबईपासून करावी लागते.

१९७४ साली श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात, म्हणजे आपल्या एसएनडीटीत, स्त्री-अभ्यासाचा एक छोटा संशोधन विभाग सुरू झाला. भारतीय विद्यापीठातलं हे या प्रकारचं पहिलं केंद्र. ते एसएनडीटीत निघावं हे स्वाभाविक वाटतं, पण त्यात एक गंमत आहे. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली हे विद्यापीठ काढलं तेव्हा त्यांच्यासमोर टोकियोच्या महिला विद्यापीठाचा नमुना होता. स्त्रियांना मातृभाषेतून उच्च शिक्षण मिळावं, हा त्यांचा आग्रह त्या काळाच्या मानाने फार पुढचा होता. मात्र स्त्रीचं आयुष्य पुरुषापेक्षा वेगळं, म्हणून तिचा अभ्यासक्रमही वेगळा, हा विचारही त्या योजनेत होता. गृहजीवनाशी जोडलेले विषय तिथे मानाने शिकवले जात. ‘स्त्रीचं आयुष्य वेगळं का? ते तसं कुणी ठरवलं?’ हा प्रश्न त्याच विद्यापीठातल्या एका खोलीतून अठ्ठावन्न वर्षांनी विचारला गेला. संस्थापकाने लावलेल्या झाडाच्या सावलीत बसून त्याच झाडाच्या मुळांची चौकशी करण्यासारखं ते होतं.

ती चौकशी करणाऱ्या होत्या नीरा देसाई. एसएनडीटीत समाजशास्त्र शिकवणाऱ्या नीराबेननी स्त्रियांच्या स्थितीवर प्रबंध लिहिला तेव्हा या विषयाला विद्यापीठात नावही नव्हतं. तो प्रबंध १९५७ साली ‘वूमन इन मॉडर्न इंडिया’ या नावाने पुस्तकरूपात आला. पुढची जवळपास दोन दशकं त्या विषयावर विद्यापीठीय जगात फारशी हालचाल नव्हती. स्वातंत्र्य मिळालं, घटनेने समानता दिली, हिंदू कायद्यात सुधारणा झाल्या. आता स्त्रियांचा प्रश्न सुटलाच, अशी शिकलेल्या वर्गाची धारणा होती.

या धारणेला धक्का दिला एका सरकारी समितीने. केंद्र सरकारने १९७१ मध्ये स्त्रियांच्या दर्जाची पाहणी करण्यासाठी समिती नेमली. फुलरेणू गुहा अध्यक्ष होत्या आणि पुढे वीणा मजुमदार सदस्य-सचिव झाल्या. मुंबईच्या कामगार चळवळीतल्या मणिबेन कारा आणि कायद्याच्या अभ्यासक लोतिका सरकार सदस्यांमध्ये होत्या. भारतीय समाजविज्ञान संशोधन परिषदेने समितीसाठी अभ्यास करून घेतले, आणि परिषदेचे सूत्रधार होते कोल्हापूर जिल्ह्यातून आलेले शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक. ‘समानतेच्या दिशेने’ हा अहवाल १९७४ च्या शेवटी तयार झाला. त्यातला एक आकडा आजही अस्वस्थ करतो. १९०१ साली दर हजार पुरुषांमागे ९७२ स्त्रिया होत्या, १९७१ साली ९३०. साथी आटोक्यात आल्या, दवाखाने वाढले, देश स्वतंत्र झाला आणि या सगळ्या काळात स्त्रियांचं प्रमाण घटतच गेलं.

हा आकडा जनगणनेत छापलेलाच होता, कुणी लपवला नव्हता. तो रकान्यातून उचलून, आधीच्या दशकांशेजारी मांडून ‘याचा अर्थ काय?’ असं विचारणारं कुणी नव्हतं. स्त्री-अभ्यास केंद्राचं काम मुळात हेच. जे सगळ्यांसमोर पडलेलं आहे पण कुणी जुळवलेलं नाही, ते जुळवायचं.

पण ते जुळवायचं कसं? पाठ्यपुस्तक नाही, अभ्यासक्रम नाही, ग्रंथालयात वेगळं कपाट नाही. स्त्रियांविषयीची माहिती कायद्याच्या निकालपत्रांत, आरोग्य खात्याच्या अहवालांत, कामगार संघटनांच्या पत्रकांत, जुन्या मासिकांत विखुरलेली. म्हणून अशा केंद्रांत सिद्धांताच्या आधी सूची येते. कुठल्या पुस्तकात काय आहे याची टिपणं करायची, वर्तमानपत्रांची कात्रणं काढायची, त्यांना विषयवार मथळे द्यायचे. वाचायला हे कारकुनी वाटतं, पण मथळा देणं हाच विचार असतो. ‘स्टोव्हच्या भडक्यात विवाहिता मृत’ ही बातमी ‘अपघात’ या फायलीत ठेवायची की ‘हुंडा’ या? फाईल बदलली की घटनेचा अर्थ बदलतो. अशा शंभर बातम्या एका फायलीत आल्या की अपघातांची मालिका संपते आणि समाजाची एक सवय दिसू लागते.

दुसरं काम मोजण्याचं, खरं तर मोजमापालाच प्रश्न विचारण्याचं. १९७१ च्या जनगणनेत माणसाचं ‘मुख्य काम’ कोणतं यावरून तो कामकरी की नाही हे ठरवलं गेलं. पहाटे पाणी भरून, भाकऱ्या थापून, गुराढोरांचं करून शेतावर खुरपायला जाणाऱ्या बाईचं मुख्य काम ‘घरकाम’ असं नोंदलं गेलं आणि कामकरी स्त्रियांचा आकडा आधीच्या जनगणनेच्या तुलनेत झपकन खाली आला. बायकांनी शेतावर जाणं सोडलं नव्हतं, प्रश्नावली बदलली होती. स्त्रियांच्या कामाच्या अदृश्यतेवर या क्षेत्रातल्या अभ्यासकांनी पुढची अनेक वर्षं लिहिलं. मुंबईच्या केंद्रात नीराबेननंतर धुरा सांभाळणाऱ्या मैत्रेयी कृष्णराज या अर्थशास्त्राच्या अंगाने हा विषय मांडणाऱ्यांपैकी एक. १९९१ च्या जनगणनेत शेतावर किंवा घरच्या धंद्यात बिनमोबदला केलेलं कामही विचारात घ्या, असा स्पष्ट उल्लेख प्रश्नात आला. एका वाक्याची ही भर, पण तिच्यामागे वीस वर्षांची चिकाटी आहे.

एप्रिल १९८१ मध्ये एसएनडीटीतच स्त्री-अभ्यासाची पहिली राष्ट्रीय परिषद भरली आणि त्यातून भारतीय स्त्री-अभ्यास संघटना उभी राहिली. काळ कसा होता ते आठवून पाहावं. चंद्रपूर जिल्ह्यात पोलीस चौकीत बलात्कार झालेल्या मथुराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना निर्दोष सोडलं होतं. त्याविरुद्ध १९७९ मध्ये चार कायदेतज्ज्ञांनी न्यायालयाला उघड पत्र लिहिलं. त्यात लोतिका सरकार होत्या, वसुधा धागमवारही होत्या. मुंबईत स्त्रिया रस्त्यावर उतरल्या, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. मोर्चा आणि ग्रंथालय यांत तेव्हा फार अंतर नव्हतं. तीच माणसं सकाळी टिपणं काढत आणि संध्याकाळी सभेला जात.

योगायोग असा की एसएनडीटीच्या कुलगुरू राहिलेल्या माधुरी शहा १९८१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाच्या अध्यक्ष झाल्या. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षण हे स्त्रियांच्या समानतेचं साधन मानलं, आणि आयोगाने विद्यापीठांत स्त्री-अभ्यास केंद्रं काढण्याची योजना आखली. चळवळीतून आलेला विषय सरकारी फाईलमध्ये दाखल झाला. याचा फायदा मोठा होता. तोटा काय होता ते कळायला वेळ लागला.

पुणे विद्यापीठात १९८७ मध्ये केंद्र सुरू झालं. विद्युत भागवत आणि त्यांच्यानंतर शर्मिला रेगे या दोघींनी त्याला घडवलं. विद्यापीठाला सावित्रीबाईंचं नाव मिळालं २०१४ साली, पण केंद्राने ते आधीच घेतलं होतं. नाव घेणं सोपं असतं, निभावणं अवघड. स्त्री-अभ्यासात तोवर काम करणाऱ्या बहुतेक जणी वरच्या जातींतल्या, शहरी, इंग्रजीत लिहिणाऱ्या होत्या. ‘स्त्री’ म्हणजे कोण, असं विचारलं तर नकळत त्यांच्यासारखीच बाई डोळ्यांसमोर येई. याच काळात विद्यापीठाबाहेर ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना शोधून, त्यांच्या मुलाखती घेऊन ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक १९८९ मध्ये सिद्ध केलं. त्या दोघी प्राध्यापक नव्हत्या. पवार सरकारी नोकरी करत होत्या. ज्या कामासाठी विद्यापीठांत केंद्रं निघाली, ते काम नोकरी आणि संसार सांभाळून बाहेरच्या बायकांनी करून दाखवलं होतं.

हे आव्हान ज्यांनी मनावर घेतलं त्यांत शर्मिला रेगे आघाडीवर. १९९८ च्या त्यांच्या गाजलेल्या निबंधाने दलित स्त्रीवादाकडे केवळ ‘एक वेगळा आवाज’ म्हणून न पाहता तिथे उभं राहून सगळ्या समाजाकडे पाहावं, अशी भूमिका मांडली. २००६ मध्ये दलित स्त्रियांच्या आत्मकथनांवरचं त्यांचं पुस्तक आलं. पण निबंध आणि पुस्तकाइतकाच महत्त्वाचा होता वर्ग. पुण्याच्या वर्गात आता गावाकडून आलेल्या, घरात पहिल्यांदाच शिकणाऱ्या मुली-मुलं बसत होती. वाचायचं साहित्य इंग्रजी, विचार करण्याची भाषा मराठी. तेव्हा अनुवाद करणं, मराठीत वाचनसाहित्य तयार करणं हे केंद्राचं रोजचं काम झालं. फुल्यांनी १८५५ मध्ये नाटकाला ‘तृतीय रत्न’ नाव देऊन शिक्षणाकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर वर्गात कशी आणायची यावर रेग्यांनी २०१० मध्ये लिहिलं.

या वर्गातून काय निघालं याचा एक नमुना सांगतो. २००९ मध्ये केंद्राने दलितांच्या खाण्याच्या इतिहासावर आणि आठवणींवर ‘इझन्ट धिस प्लेट इंडियन?’ नावाचं पुस्तक काढलं. विद्यार्थ्यांनी वर्गप्रकल्प म्हणून केलेलं हे काम. ‘भारतीय जेवण’ म्हणून पाककृतींच्या पुस्तकांत जे छापलं जातं त्यात आपल्या आजीच्या हातचं का नाही, हा साधा प्रश्न. उत्तर शोधायला ग्रंथालय पुरत नाही, घरी जाऊन आजीला विचारावं लागतं. जो विद्यार्थी कालपर्यंत घरचं जेवण वर्गात सांगायला लाजत होता, तो त्याच जेवणाचा इतिहासकार झाला. संशोधन सहायक, अनुवादक, शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यातली रेघ अशा वेळी पुसट होते. शर्मिला रेगे २०१३ मध्ये अकाली गेल्या. ही कार्यपद्धती मात्र त्यांच्यासोबत शिकलेल्यांनी पुढे नेली.

मुंबईत मीरा कोसंबी यांनी केंद्राच्या संचालकपदी असताना आणि नंतरही पंडिता रमाबाईंचं लेखन जगापुढे आणलं. त्यांचं मराठी प्रवासवर्णन त्यांनी इंग्रजीत नेलं. नीरा देसाई आणि मैत्रेयी कृष्णराज यांनी सी. एस. लक्ष्मी यांच्यासोबत १९८८ मध्ये ‘स्पॅरो’ हा स्त्रियांचा ध्वनी-चित्र संग्रह उभारला. ही नावं इतिहासात राहतील, राहायलाच हवीत. पण आता त्या तोट्याकडे वळू या.

आयोगाची योजना ही ‘योजना’च होती. पंचवार्षिक योजनेच्या पैशावर चालणारी, दर मुदतीला नव्याने मंजूर होणारी. मुदत संपली की अर्ज, पाहणी, अहवाल आणि वाट पाहणं. विद्यापीठाने किंवा राज्य सरकारने पदं आपल्या आस्थापनेवर घ्यावीत ही अपेक्षा कागदावर असे, पण ती पुरी होईलच याची हमी नसे. त्यामुळे ज्या केंद्रांनी असंघटित स्त्री-कामगारांवर ढीगभर अहवाल लिहिले, त्यांच्यातच अनेक जण वर्षानुवर्षं कंत्राटावर राहिले. शेतमजूर बाईचं काम ‘मुख्य’ धरलं जात नाही म्हणून भांडणारी संशोधन सहायक स्वतः विद्यापीठाच्या दृष्टीने ‘तात्पुरती’. २०१७ मध्ये बारावी पंचवार्षिक योजना संपली आणि योजनापद्धतही, तेव्हा देशभरातल्या दीडशेहून अधिक केंद्रांचं पुढे काय, हा प्रश्न एकदम उभा राहिला. निवेदनं गेली, निदर्शनं झाली, थोडी थोडी मुदतवाढ मिळत गेली. २०१९ मध्ये आयोगाच्या नव्या मार्गदर्शिकेत ‘स्त्री-अभ्यास’ऐवजी ‘स्त्री आणि कुटुंब अभ्यास’ असे शब्द आले. कुटुंबाचा अभ्यास या केंद्रांनी पहिल्या दिवसापासून केलेला आहे. पण कुटुंबाची चिकित्सा करणं वेगळं आणि स्त्रीचं नाव कुटुंबाला जोडूनच उच्चारणं वेगळं. कर्व्यांच्या काळचा प्रश्न शंभर वर्षांनी फिरून दारात आला.

विद्याशाखेचा इतिहास आपण सहसा संचालक आणि पुस्तकं यांच्या क्रमाने सांगतो. या लेखानेही बरंचसं तेच केलं आहे, कारण नोंदी त्यांच्याच आहेत. ज्यांनी कात्रणं कापली, गावोगाव फिरून प्रश्नावल्या भरल्या, मुलाखती ऐकून ऐकून कागदावर उतरवल्या, अनुदानाची रक्कम आली नाही म्हणून लेखा विभागात खेटे घातले, त्यांची नावं प्रस्तावनेच्या शेवटच्या परिच्छेदात ‘आणि’च्या पुढे येतात. स्त्री-अभ्यासाने आपल्याला शिकवलेली पहिली गोष्ट ही की, जे काम मोजलं जात नाही ते झालंच नाही असं नसतं. हा धडा या केंद्रांच्या स्वतःच्या इतिहासालाही लावायला हवा. अजून वेळ गेलेली नाही. त्यातली कितीतरी माणसं हयात आहेत, त्यांना विचारता येईल. मुलाखत कशी घ्यायची, हे त्यांनीच आपल्याला शिकवलं आहे.