दळणाचा हिशेब

मंडळी, जुन्नर-आंबेगावचा इतिहास म्हटला की आधी शिवनेरी डोळ्यांपुढे येतो. आज मात्र मी तुम्हाला गडावर नेत नाही. जात्यापाशी बसू या.

लेण्याद्रीला गणपतीच्या दर्शनाला आपण जातोच. जुन्नरभोवतीच्या अशा लेण्यांत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे ब्राह्मी लेख आहेत. एका लेखात धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे संघाने, सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याची पोढी दान दिल्याचे कोरले आहे. दुसऱ्या एका लेखात बांबूकाम करणारे आणि काशाची भांडी घडवणारे, म्हणजे आपले बुरूड-कासारच म्हणा ना, यांच्या श्रेणी येतात. धान्य, सूप, भांडे. निम्मा संसार झाला की!

पण ते धान्य पाखडले कोणी? दळले कोणी? त्याबद्दल भिंत गप्प आहे. नाणेघाटात सातवाहनांची राणी नागनिका हिचा मोठा लेख आहे. यज्ञांत दिलेल्या गाई हजारांनी मोजल्या आहेत, कार्षापण नाणीही मोजली आहेत. राणीच्या दानाचा हिशेब दगडात राहिला. दळणारणीचा कुणी मांडलाच नाही.

तो हिशेब सोपा नव्हता बरे का. आपल्या आज्या-पणज्या कोंबडा आरवायच्या आधी उठत. पूर्वेकडच्या गावांत भाकरी बाजरीची, आणि बाजरीचे पीठ दोन-चार दिवसांत कडू होते. आठवड्याचे दळण एकदम उरकून ठेवावे म्हटले तर सोय नाही. म्हणून पहाट उजाडली की जाते. भीमाशंकरच्या अंगाला, पावसाच्या मुलखात, भात उखळात कांडायचा, नाचणी जात्यावर दळायची. एका हाताने खुंटा, दुसऱ्या हाताने घास. जाते गुळगुळीत झाले की टाकी लावून घ्यायची. दळण झाले की पाणी, मग चूल, मग शेत. गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या तेव्हा हा भार उतरला. जुने ते सोने म्हणणाऱ्यांनी एकदा शेरभर बाजरी दळून पाहावी!

या बाईने आपला लेख दगडावर नाही, दगडाच्या घरघरीवर लिहिला. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन् यांनी १९८०नंतरच्या काळात पुणे जिल्ह्यातल्या आणि इतर गावांतल्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या टिपून घेतल्या. त्या लाखाच्या वर भरल्या. माहेर, सासू, भाऊ, लेकीचे दुःख, सारे त्यांत आहे.

ज्या आंबेगावाने तालुक्याला नाव दिले, ते जुने गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. तिथल्या घरांची मांडणी, पाणवठ्याची वाट आता माणसांच्या आठवणीतच उरली. गुरुजी, बाई, तुमच्या वर्गातल्या पोरांना एवढे सांगा: आजी घरात असेल तर तिला विचारा, ती किती वाजता उठे, पाणी कुठून आणी, कोणती ओवी म्हणे. वहीत तिच्याच शब्दांत उतरवा, आणि वर तिचे नाव लिहायला विसरू नका.