पहिला दगड, पहिलं माप

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, पांढुर्ण्यात जाम नदीच्या पात्रात गोटमार होते. पात्राच्या मधोमध पळसाचं झाड रोवून त्याला झेंडा बांधतात. अलीकडे पांढुर्णा, पलीकडे सावरगाव. दोन्ही काठांवरून दगड सुटतात, आणि झाड हाती लागलं की ते चंडीमातेच्या देवळात नेतात, तेव्हा खेळ संपतो. दरवर्षी शेकड्यांनी माणसं जखमी होतात. जीवही गेले आहेत. प्रशासनानं रबरी चेंडू वाटून पाहिले, गोफणीवर बंदी घातली, जमावबंदी लावली. दगड काही थांबले नाहीत.

म्हातारी माणसं यामागची गोष्ट सांगतात ती अशी. पांढुर्ण्याचा एक मुलगा आणि सावरगावची एक मुलगी पळून निघाली, ती नदीच्या मधोमध सापडली. सावरगावकरांनी दगड उचलले. मुलाच्या बाजूनं पांढुर्ण्याची माणसं धावली, त्यांनीही उचलले. ती दोघं पात्रातच मेली, असं बहुतेकजण सांगतात. त्यांची नावं कोणालाच ठाऊक नाहीत.

आमच्या ख्रिस्ती घरात त्या दिवशी माझे आजोबा, आबाजी, योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय काढून वाचत. व्यभिचारात धरलेल्या एका बाईला शास्त्री आणि परूशी येशूपुढे आणून उभी करतात. मोशेचं नियमशास्त्र हिला दगडमार सांगतं, तुझं म्हणणं काय? येशू खाली वाकून बोटानं जमिनीवर लिहीत राहतो. ते पुन्हा पुन्हा विचारतात, तेव्हा एवढंच म्हणतो की ज्याच्या हातून पाप घडलं नसेल त्यानं पहिला दगड टाकावा. मग एकेक करून सगळे निघून जातात. आबाजी इथं थांबत आणि चष्मा कपाळावर सरकवत. "पयले कोन गेले पाह्यलं का? म्हातारे. म्हाताऱ्यायले आपल्या पापाचा हिशेब जास्त पाठ असते, बाबू."

या वाचनाचा त्यांनी कधी गावाविरुद्ध उपयोग केला नाही. त्यांच्या दोस्तांपैकी निम्म्यांच्या कपाळावर गोटमारीची खूण होती, आणि पोळ्याला त्याच दोस्तांच्या बैलांना ते आपल्या हातानं पुरणपोळी चारत. एकदा बाहेरून आलेला एक प्रचारक नदीवर जाऊन याच अध्यायावर प्रवचन करतो म्हणाला. आबाजींनी त्याला हात धरून खाली बसवलं. "हे बी तुमी त्यायले फेकूनच मारसान," म्हणाले. शास्त्राचा अधिकार म्हणजे काय, यावर मी पुढं बरंच वाचलं. पण ते हाती घेणाऱ्यावरच त्याची सत्ता आधी चालते, ही गोष्ट मला पहिल्यांदा त्या वाक्यानं कळली. आजही चर्चच्या व्यासपीठावरून कोणी दुसऱ्यांच्या पापांची यादी वाचू लागला की माझं मन उठतं.

हे शास्त्र मराठीत यायला आमच्याच मुलखातल्या माणसाचा हात लागला होता. विल्यम केरी बंगालमध्ये श्रीरामपूरला बसून मराठी बायबलचं काम करत होता, तेव्हा त्याच्या मदतीला वैजनाथशास्त्री होते, नागपूरकडचे. 1805 साली मत्तयाचं शुभवर्तमान निघालं, 1811 साली संपूर्ण नवा करार. 1845 मध्ये स्टीफन हिस्लॉप नागपुरात आला. त्यानं शाळा काढली, गोंडांच्या कथा टिपून घेतल्या, आणि 1863 मध्ये टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं पाहून रात्री परतताना नाल्याच्या पुरात तो बुडाला. छिंदवाड्याकडे स्वीडनहून लूथरन मिशनरी आले. त्या मंडळीचं मुख्य ठाणं आजही छिंदवाड्यातच आहे. पण घाटावर उपासना हिंदीत होई. घाटाखाली, सौंसर-पांढुर्ण्यात, आमची प्रार्थना मराठीतच राहिली. 1956 साली नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि आम्ही मध्य प्रदेशात उरलो. 2023 मध्ये या दोन तालुक्यांचा मिळून वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला, तोही मध्य प्रदेशातच. शाळेत आम्ही हिंदी शिकलो. मराठी वाचायला मी शिकलो ते आबाजींच्या मांडीवर, पवित्र शास्त्रातून, ओळीखाली त्यांचं बोट सरकत असताना.

त्याच पुस्तकात, आठव्या अध्यायाच्या सुरुवातीला, चौकटी कंस होता. थोडा मोठा झाल्यावर मी त्याबद्दल विचारलं. आबाजींना नेमकं सांगता आलं नाही. मी ते पुढं शोधून काढलं. चौथ्या शतकातल्या ज्या दोन हस्तलिखितांना सर्वांत मान आहे, सिनाई आणि व्हॅटिकन, त्यांत ही गोष्ट नाही. हिप्पोच्या ऑगस्टीनचा संशय असा होता की बायकांना मोकळीक मिळेल या भीतीनं कच्च्या विश्वासाच्या लोकांनी ती आपल्या प्रतींतून काढून टाकली. आजचे बहुतेक अभ्यासक उलट मानतात: गोष्ट जुनी आहे, पण योहानाच्या ग्रंथात ती नंतर आली. हे आबाजींना सांगताना माझा जीव वर-खाली होत होता. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "छापनाऱ्यानं कंस काहून ठेवला? काढून नाई टाकली, लपवून बी नाई ठेवली." मला हे उत्तर पुरतं. ज्या ग्रंथाला आपल्या पानावर शंकेची खूण छापायला भीती वाटत नाही, त्याच्या शब्दावर मी जास्त विश्वास ठेवतो. ती गोष्ट मी कंसासकट शास्त्र म्हणूनच वाचतो.

आता पणजोबांची गोष्ट. ही आजीची, आबाजी ती सांगत नसत, कारण ती त्यांच्या वडिलांची होती.

पणजोबा कापसाचे मापारी होते. तीन बल्ल्या उभ्या करून त्यांच्यात मोठा काटा लटकवलेला असे. खेड्यांतून बैलगाड्या रात्रीच निघत आणि पहाटे बाजारात रांग लागे. गाडीवान थंडीनं कुडकुडत, बैल सोडून, आपला नंबर कधी लागतो याची वाट पाहत बसलेले. मापारी पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो. पुढं दोन, तीन. पणजोबांचा आवाज खणखणीत होता, म्हणे. 'लाभ' म्हणताना त्यांची मान वर असायची आणि अंगठा दांडीवर. पारड्याखाली गुडघाही लागायचा. गाडीमागे थोडाथोडा कापूस वजनात कमी भरे, आणि त्याचे पैसे व्यापाऱ्याकडून संध्याकाळी हातावर पडत. वर शेतकऱ्याकडून रीतसर कडता कापला जाई तो वेगळाच. बाजारात हे सगळ्यांना ठाऊक होतं. शेतकऱ्यांनाही होतं. आजी म्हणे, ज्याला सारा बाजार रीत म्हणतो त्याला एकट्या माणसानं पाप म्हणायचं, हेच सगळ्यात अवघड.

पणजोबा तेव्हा नुसते नावाचे ख्रिस्ती नव्हते. दर रविवारी उपासनेला जात, गाणी तेच सांगत. एका रविवारी लूकचा एकोणिसावा अध्याय वाचायची पाळी त्यांच्यावर आली: जक्कय जकातदार, बुटका, उंबराच्या झाडावर चढलेला. येशू त्याच्या घरी उतरतो. पापाबद्दल त्याला कोणी एक शब्द बोलत नाही. तो आपण होऊन उभा राहतो आणि सांगतो की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, आणि कोणाचं अन्यायानं घेतलं असेल तर चौपट परत करतो. पणजोबांचं वाचन तिथं अडलं. लोकांना वाटलं अक्षर लागत नाही, शेजारच्यानं पुढचा शब्द सांगितला. त्यांनी पुस्तक मिटून त्याच्या हातात दिलं आणि ते घरी आले.

त्यांच्याजवळ चौपट नव्हतं. साधी परतफेड करायची तरी कोणाकोणाची? हिशेब लिहिलेला नव्हता. त्यांनी आठवेल तशी गावांची आणि माणसांची नावं काढली. एक बैल विकला. पणजीच्या गळ्यातली पोत गेली. त्यावर ती महिनाभर बोलली नाही, आणि मला ती बरोबरच वाटते, कारण दांडी तिनं मारली नव्हती. मग ते पायी निघाले, एकेक गाव करत. काहींनी पैसे घेतले. काहींनी हसून चहा पाजला आणि पैसे परत खिशात घातले. पुष्कळांना ते वेड लागल्यासारखे दिसले. बाजारातलं काम सुटलं हे सांगायला नको. खरं माप करणारा मापारी कोणाला हवा होता?

सौंसरकडच्या एका शेतकऱ्यानं मात्र त्यांना अंगणातच उभं ठेवलं. ज्या साली माप कमी भरलं, त्या साली त्याचं कर्ज फिटलं नव्हतं आणि वावर गेलं होतं. तो म्हणाला, "पैसे ठेव तिथं. वावर आनशीन?" पणजोबा काही बोलले नाहीत. पैसे ओट्यावर ठेवून परतले.

या ठिकाणी मला पंडिता रमाबाई आठवतात. 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर दोनच वर्षांत त्यांनी तिथल्या सिस्टर जेराल्डीनशी पत्रांतून वाद घातला. जे शास्त्रात मला दिसत नाही, ते केवळ चर्च सांगतं म्हणून मानणार नाही, असा त्यांचा बाणा होता. आणि याच बाईनं पुढं 1907 च्या आपल्या निवेदनात कबूल केलं की पहिली कित्येक वर्षं आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. शास्त्राच्या बळावर दुसऱ्यांशी भांडणारी बुद्धी आणि त्याच शास्त्रापुढं आपण उभं राहणं, ही दोन्ही एकाच माणसात इतकी सच्ची मला दुसरीकडं फारशी आढळली नाहीत. 1905 च्या जूनमध्ये केडगावच्या त्यांच्या मुक्तिसदनात मुली रडत, मोठ्यानं आपली पापं कबूल करत प्रार्थनेला बसल्या, त्याची खूप चर्चा झाली. त्याहून मला मोठं वाटतं ते नंतरचं: रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून सबंध बायबल खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत उतरवलं. 1922 च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या आणि 1924 साली ते बाहेर आलं. रडणं कितीही खरं असलं तरी उरतं ते नंतरचं काम.

पणजोबांचं असं काही उरलं का, यावर आबाजी आणि आजी यांचा आयुष्यभर मतभेद होता. पणजोबा सौंसरहून परतल्यावर प्रभुभोजनाला बसेनासे झाले. पाळकांनी समजावलं की देवानं क्षमा केली आहे, ती कोणा माणसावर अवलंबून नाही. आबाजींचंही तेच मत. क्षमा कृपेनं मिळते, कमवावी लागत नाही. शेतकऱ्यानं माफ केलं नाही म्हणून देवाचा हात आखडत नाही. आपल्या बापानं उगाच स्वतःला उपाशी ठेवलं, असं ते म्हणत, आणि म्हणताना त्यांचा गळा दाटून येई.

आजी मत्तयाचा पाचवा अध्याय पुढं करायची. नारायण वामन टिळकांना 1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशानं नवा करार दिला, आणि ते डोंगरावरच्या प्रवचनापाशी येऊन खिळले, हे तिला ठाऊक होतं. ती टिळकांना अगदी घरातल्या माणसासारखं मध्ये आणी. त्याच अध्यायात म्हटलं आहे की वेदीपाशी दान आणलंस आणि तिथं तुला आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. "तुह्या मनात काय हाय ते नाई इचारलं," आजी म्हणे, "त्याच्या मनात काय हाय ते इचारलं. मंग सासरे कसे बसतीन?"

दोघंही गेली. मी आजीच्या बाजूचा आहे. आबाजींचं चुकलं असं मी म्हणणार नाही, कारण क्षमेविषयी ते जे सांगत तेही शास्त्रातलंच आहे. पण पणजोबा पुढं दरवर्षी कापूस वेचायला सुरुवात झाली की सौंसरकडच्या त्या गावी जात आणि त्याच शेतकऱ्याकडं, आता दुसऱ्याचं वावर बटाईनं करणाऱ्याकडं, फुकट वेचणी करत. तो त्यांना कधी घरात घेत नसे, पण तिसऱ्या वर्षी त्यानं दुपारची भाकर बांधावर आणून दिली. त्यानंतरच्या रविवारी पणजोबा प्रभुभोजनाला बसले.