‘बिलियन’ म्हणजे नेमके किती?

अर्थसंकोच आणि अर्थविस्तार शिकवताना आपण ‘मृग’ शब्दाचे उदाहरण हमखास देतो. संख्यावाचक शब्दाचे सहसा देत नाही. संख्येचा अर्थ स्थिर असतो, असे आपण गृहीत धरलेले असते. इंग्रजीतील ‘बिलियन’ या शब्दाचा इतिहास हे गृहीतक मोडीत काढतो.

‘मिलियन’चे मूळ इटालियन, शब्दशः अर्थ ‘मोठा हजार’. निकोला शुके या फ्रेंच गणितज्ञाने १४८४ च्या आपल्या हस्तलिखितात सहा-सहा अंकांचे गट पाडून पुढील नावे योजली. त्यानुसार ‘बिलियन’ म्हणजे मिलियनचा वर्ग, एकावर बारा शून्ये. जॉन लॉकने मानवी आकलनावरील आपल्या प्रसिद्ध निबंधात (१६९०) हीच सहा अंकी मांडणी वापरली. मोठ्या संख्यांना नावे नसतील तर त्यांची स्पष्ट कल्पनाही मनात टिकत नाही, असे त्याचे प्रतिपादन होते.

परंतु नाव असूनही कल्पना दुभंगली. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये तीन-तीन अंकांचे गट पाडण्याची पद्धत आली आणि ‘बिलियन’ नऊ शून्यांवर उतरला. अमेरिकेत हा अर्थ रूढ झाला. ब्रिटनने जुना अर्थ जपला. पुढे १९६१ मध्ये खुद्द फ्रान्सने अधिकृतपणे बारा शून्यांचा अर्थ पुन्हा स्वीकारला, तर १९७४ मध्ये पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी ब्रिटिश सरकार यापुढे नऊ शून्यांचाच अर्थ वापरेल, असे संसदेत स्पष्ट केले. दोन्ही देशांनी जणू जागांची अदलाबदल केली!

जर्मन भाषेत आजही ‘बिलियोन’ म्हणजे बारा शून्ये. १९२३ च्या महाचलनवाढीनंतर एका रेंटेनमार्कची किंमत एक ‘बिलियोन’ कागदी मार्क ठरली. हीच रक्कम अमेरिकन ग्रंथात ‘ट्रिलियन’ म्हणून येते.

मराठी अनुवादकाचा प्रश्न येथेच सुरू होतो. ‘बिलियन’ला आपण सर्रास ‘अब्ज’ म्हणतो. आजच्या मजकुरात ते योग्यच आहे. पण जुन्या ब्रिटिश ग्रंथातला ‘बिलियन’ अब्ज नसून ‘लाख कोटी’ असू शकतो, फरक हजारपटीचा! आपल्याकडेही भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तील (११५०) अब्ज आजच्याइतकाच, नऊ शून्यांचा, खर्व मात्र तेथे दहा शून्यांचा, तर आजच्या प्रचलित मोजणीत अकरांचा.

तात्पर्य, संख्यावाचक शब्दही देश, काळ आणि संदर्भ यांच्या अधीन असतो. ग्रंथ कोठला, कोणत्या वर्षाचा आणि लेखक कोणती मोजणी पाळतो, हे पाहिल्यावाचून प्रतिशब्द लिहिणे धोक्याचे. कोश शब्दाचे अर्थ देतो. त्यांतला कोणता घ्यायचा, हे वाचकालाच ठरवावे लागते.